चाकांवरचं घर : वायरिंग आणि इंजिनच्या तक्रारी

मोटरहोमवाल्यांच्या यंदाच्या बहुतेक पत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दोष सापडण्याआधीच एखादा महागडा भाग बदलून झालेला असतो आणि तक्रार तशीच राहते. म्हणून इथे मोजमापांवर भर दिला आहे. साहित्य फार लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर घ्या. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा एक बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन लांब वायरी जोडून ठेवा. या बल्बचं महत्त्व समजून घ्या. मीटर जवळपास काहीच करंट खेचत नाही. त्यामुळे वायर आतून सडून एकच तार शिल्लक राहिली असली तरी मीटर बिनदिक्कत १२.६ दाखवतो. बल्ब पावणेदोन अ‍ॅम्पिअर मागतो, आणि अशा वायरीवर तो लालसर, मरगळलेला पेटतो. "व्होल्टेज तर येतंय, पण वस्तू चालत नाही" ही तक्रार निम्म्या वेळा इथेच सुटते.

प्रश्न : घरच्या, म्हणजे गाडीतल्या राहण्याच्या भागाला वीज देणाऱ्या, बॅटरीच्या जागी १०० अ‍ॅम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली. दिवसभर गाडी चालवूनही ती संध्याकाळी अर्धीच भरलेली असते. अल्टरनेटर (इंजिनवर वीज तयार करणारं यंत्र) बदला असं सांगण्यात आलं आहे. बदलावा का?

इतक्यात नको. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि लिहून ठेवा. मग इंजिन चालू करा, आरपीएम १५०० च्या आसपास ठेवा आणि पुन्हा मोजा. इंजिनच्या बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट यायला हवेत. घरच्या बॅटरीवरचा आकडा त्यापेक्षा फार तर पाव-अर्धा व्होल्ट कमी असावा.

इंजिनच्या बॅटरीचाच आकडा वाढला नाही, तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर, आणि सगळ्यात शेवटी अल्टरनेटर बघा. इंजिनची बॅटरी वर चढते पण घरची जागची हलत नाही, तर मधला रस्ता तुटला आहे. सहसा दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज आणि मध्ये रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांवर कॉइलचं व्होल्टेज येतं का, ते आधी बघा. येत नसेल तर इंजिन चालू झाल्याचं रिलेला कळवणारी बारीक वायर तुटली आहे किंवा तिचा फ्यूज उडाला आहे. कॉइलला व्होल्टेज मिळतं, 'टक्' आवाजही येतो, तरीही बॅटरी भरत नाही, अशा वेळी मीटरची टोकं ३० आणि ८७ वर ठेवा. चांगल्या रिलेत हा फरक ०.१ व्होल्टच्या आसपास असतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आतले पॉइंट जळले आहेत.

तुमच्या गाडीत मात्र तिसरी शक्यता जास्त वाटते. इंजिन सुरू केल्यावर १४.४ दिसतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी १२.५ च्या आसपास उतरतात, असं होतंय का? तसं असेल तर अल्टरनेटर बिघडलेला नाही, तो स्मार्ट आहे. डिझेल वाचवण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटरच त्याचं व्होल्टेज खाली आणतो. तुमच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला पूर्ण भरायला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. ते तिला मिळतच नाहीत. यावर उपाय एकच, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवायचा. १०० अ‍ॅम्पिअर-अवरला ३० अ‍ॅम्पिअरचा चार्जर पुरतो. तो इंजिनच्या बाजूने ३५ ते ४० अ‍ॅम्पिअर घेतो. म्हणून वायर १६ चौरस मिलिमीटरची हवी आणि दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, चार्जरच्या पुस्तिकेत दिलेले फ्यूज हवेत.

तुमचा अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा, सरळ १४ व्होल्ट देणारा असला तरी लिथियमला नुसत्या रिलेवर ठेवू नका. या बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी एका जागी आयडलवर उभी असेल तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, पण करंट मात्र पूर्ण जातो. तापून आधी डायोड जातात, मग वाइंडिंग.

आणखी एक. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विसावल्यावर १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते. लिथियमवर १२.७ म्हणजे जवळपास रिकामी. जुना चार्ज-दर्शक तसाच ठेवला असेल, तर 'अर्धी भरलेली' हा आकडाही भरवशाचा नाही. शंट असलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, मॉनिटर बसवा. आणि बॅटरीचं तापमान ०° सेल्सिअसच्या खाली असताना तिला चार्ज करू नका. बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण-सर्किट) अडवत असेल तर ठीक, नाहीतर सेल कायमचे खराब होतात.

प्रश्न : फ्रिज गॅसवर आणि मेन्सवर छान चालतो. प्रवासात १२ व्होल्टवर मात्र संध्याकाळपर्यंत आतलं सगळं कोमट होतं. हीटर एलिमेंट बदललं, फरक नाही.

एलिमेंट चांगलंच होतं. दोष वायरीत आहे, आणि तो आकड्यांत स्पष्ट दिसतो. १७० वॉटचं एलिमेंट १२ व्होल्टवर १४ अ‍ॅम्पिअरच्या आसपास घेतं. म्हणजे त्याचा स्वतःचा रोध जेमतेम ०.८५ ओहम. इंजिनपासून फ्रिजपर्यंत ८ मीटर वायर धरली, तर जाऊन-येऊन १६ मीटर झाली. ती दीड चौरस मिलिमीटरची असेल तर तिचाच रोध ०.१९ ओहम. रिले, दोन फ्यूज आणि प्लग मिळून आणखी ०.०६. इंजिनजवळ १३.८ व्होल्ट असले तरी फ्रिजच्या टर्मिनलवर १०.७ पोचतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १७० वॉटचं एलिमेंट १३५ वॉटवर येतं. शोषण पद्धतीच्या (उष्णतेवर चालणाऱ्या) फ्रिजला ही घट झेपत नाही.

इंजिन चालू, फ्रिज १२ व्होल्टवर, आणि मीटर थेट एलिमेंटच्या वायरींवर ठेवून बघा. फ्रिज बंद ठेवून घेतलेलं वाचन निरुपयोगी. त्यात १३.८ दिसणारच. चालू स्थितीत १२ पेक्षा कमी दिसलं तर ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर टाका. अर्थची वायरही तेवढीच जाड घ्या, आणि २० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज बॅटरीपाशी लावा. वर दिलेल्याच हिशेबाने मग १२.२ च्या वर मिळतात. अर्थ वायर टाळून जवळच्या पत्र्यावर स्क्रू मारण्याचा मोह होतो. बॉडीचे रंगवलेले, चिकटवलेले जोड हा भरवशाचा रस्ता नव्हे.

वायर बदलल्यावरही १२ व्होल्टवर गरम फ्रिज गार होण्याची अपेक्षा ठेवू नका. ती सोय असलेला गारवा टिकवण्यासाठी आहे. निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज मेन्सवर लावा.

प्रश्न : किल्ली फिरवली की एकच 'टक्' आणि पुढे शांतता. दोन-चार प्रयत्नांत कधी कधी सेल्फ लागतो. बॅटरी तपासून घेतली, ती उत्तम आहे.

बॅटरी उत्तम असेल तर तिच्यापासून स्टार्टरपर्यंतच्या जोडांत कुठेतरी व्होल्ट हरवतात. हरवलेले व्होल्ट शोधण्याची पद्धत सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. गाडी न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला. एकाने किल्ली धरायची, दुसऱ्याने मीटर.

पहिलं वाचन बॅटरीच्या दोन शिशाच्या खांबांवर घ्या, क्लॅम्पवर नाही. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवरच पुन्हा शंका घ्या. दुसरं वाचन : मीटरचं एक टोक निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसावेत. तिसरं : पॉझिटिव्ह खांब आणि स्टार्टरचा जाड बोल्ट. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल.

दुसऱ्या वाचनात एक-दोन व्होल्ट दिसले, आणि या लक्षणात ते बहुधा दिसतातच, तर इंजिन आणि चेसिस जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी सोडवा. वरून ती धड दिसते. बोल्ट काढून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) उलटा केला की खाली हिरवट-पांढरी पूड आणि काळपट कडं दिसतं, आणि पट्टी वाकवली की क्रिम्पजवळच्या तारा तुटून हातात येतात. चेसिसची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून घट्ट करा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून जोड आवळू नका.

हा जोड लांबणीवर टाकू नका. इंजिनला धड अर्थ मिळाली नाही तर स्टार्टरचा शेकडो अ‍ॅम्पिअरचा करंट गिअरच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. केबलचं आवरण वितळतं आणि ती आत चिकटते.

तिन्ही वाचनं ठीक असतील आणि सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरच्या विजेच्या स्विचच्या) बारीक वायरीवर किल्ली फिरवताना १०.५ पेक्षा जास्त व्होल्ट येत असतील, तर सोलेनॉइडचे तांब्याचे पॉइंट झिजले आहेत. स्टार्टर काढावा लागेल.

प्रश्न : गाडी तीन आठवडे उभी राहिली की इंजिनची बॅटरी पार उतरते.

दोष आहे की नुसता हिशेब, ते आधी ठरवा. गाडी झोपेत असताना ५० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंतचा खर्च नेहमीचा समजतात. दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-अवर, तीन आठवड्यांत २५. चांगल्या ७० अ‍ॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला तो सोसवतो, जुन्या, निम्मी क्षमता उरलेल्या बॅटरीला नाही. अर्धा अ‍ॅम्पिअर जात असेल तर आठवडाही निघत नाही.

निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर लावून मध्ये जोडा. दारं बंद करा. बॉनेट आणि उघड्या दाराची कडी स्क्रू-ड्रायव्हरने 'बंद' करून ठेवा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. मग ४० मिनिटं काहीही न करता थांबा. इथेच बहुतेक जण घाई करतात. पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन अ‍ॅम्पिअर दिसणं साहजिक आहे, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागी असतात. मीटर मध्ये असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल.

आकडा जास्तच राहिला तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज परत लावला की मॉड्यूल जागं होतं आणि मोजमाप पहिल्यापासून करावं लागतं. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ते तपासत जा. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काही दशांश मिलिव्होल्ट दिसतात, त्या वाटेने करंट जातोय. मोटरहोममधले नेहमीचे उपद्रवी म्हणजे कायम वायरीवर जोडलेला रेडिओ, ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, सरकत्या पायरीचा स्विच आणि खालच्या कप्प्यातला न विझणारा दिवा.

प्रश्न : छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल आहे, पण ३-४ अ‍ॅम्पिअरच येतात.

बॅटरी भरत आली की पॅनेल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो, म्हणून बॅटरी उतरलेली असताना भर दुपारी मोजा. आडव्या आणि तापलेल्या पॅनेलमधून १०० वॉटमागे ५-६ अ‍ॅम्पिअर म्हणजे उत्तम. अँटेना किंवा छताच्या खिडकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. कंट्रोलर काढताना आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट.

प्रश्न : २००० वॉटचा इन्व्हर्टर आहे. किटली लावली की तो शिट्टी मारून बंद पडतो. घरची बॅटरी १०० अ‍ॅम्पिअर-अवरची, लेड-अ‍ॅसिड.

२००० वॉटची किटली १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरची तूट धरून, १९० अ‍ॅम्पिअरच्या घरात मागते. एकट्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला ते पेलत नाही. व्होल्टेज ११ च्या खाली येतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवतो. पाणी गॅसवर तापवा, किंवा कमी वॉटची किटली घ्या.

तरी एक तपासणी आजच करा. मिनिटभर भार देऊन बंद करा आणि प्रत्येक लगजवळ हात न्या. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो सैल आहे किंवा क्रिम्प कच्चा आहे. त्यातूनच आग लागते. एवढ्या करंटला ५० चौरस मिलिमीटरची, शक्यतो ७० ची वायर हवी, लांबी दीड मीटरच्या आत, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. इन्व्हर्टरनंतरची वायरिंग घरातल्या विजेइतकीच जीवघेणी असते. ती जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलल्यापासून सकाळी गाडी सुरू होते आणि दहा सेकंदांत बंद पडते. मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. दिवसभर पुन्हा त्रास नाही.

लाइनने हवा धरली आहे. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. सकाळी उरलेल्या डिझेलवर इंजिन दहा सेकंद चालतं, मग हवा पंपापर्यंत पोचते. हवेची वाट दिवसा उघडी असली तरी चालू गाडीत ती जाणवत नाही, म्हणून दिवसभर सगळं ठीक वाटतं.

फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या कमी दाबाच्या नळीच्या जागी त्याच मापाची पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी तात्पुरती लावा. सुरू करताना बुडबुडे दिसले की शंका फिटली. मग फिल्टरची ओ-रिंग बघा. जुनी रिंग घरालाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते, किंवा नवी कोरडी बसवल्याने मुरगळते. नवी रिंग डिझेलने ओली करून बसवा. झटपट लागणाऱ्या क्लिपांच्या आतल्या बारीक रिंगाही बघा, कारण फिल्टर बदलताना त्याच हलवल्या जातात.

हवा काढायला हॅन्डपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर किल्ली 'ऑन'वर दहा सेकंद ठेवून बंद करा, असं पाच-सहा वेळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) असेल तर तिचा पंप डिझेलनेच वंगण घेतो. कोरडा फिरला तर तो झिजतो आणि त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो.

जुन्या इंजिनावर इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कधीही वापरू नका. तिथे १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा.

प्रश्न : सपाट रस्त्यावर तापमान ठीक असतं, घाट चढताना काटा लालकडे जातो. कूलंट कमी होत नाही.

कूलंट कमी होत नाही हे चांगलं लक्षण आहे. आधी वजन बघा. ३,५०० किलोच्या मर्यादेची गाडी भरल्या टाक्यांनी आणि सामानाने सहज मर्यादा ओलांडते. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो.

मग रेडिएटर. समोरून स्वच्छ दिसतो तो एसीचा कंडेन्सर असतो. किडे, कापूस आणि धूळ यांचा थर त्याच्यामागे, रेडिएटरच्या तोंडावर बसतो. मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

पंखा व्हिस्कस (तेलाच्या कपलिंगवर फिरणारा) असेल तर इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवून, गाडी गरम असताना पंखा हाताने फिरवा. तो जड लागला पाहिजे. ढकलल्यावर तीन-चार फेऱ्या मोकळा फिरला तर कपलिंगमधलं तेल गेलं आहे. विजेचा असेल तर एसी लावल्यावर सुरू होतो का बघा. शेवटी थर्मोस्टॅट. काढून पाण्याच्या भांड्यात तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे आणि उकळत्या पाण्यात चांगलाच उघडा दिसला पाहिजे. रेडिएटरचं झाकणही तपासा. एक बार दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १२०° पर्यंत उकळत नाही. झाकण सैल असेल तर ते १००° लाच उकळतं.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला आणि टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी पुढे नेऊ नका.

घाटातच काटा चढला तर एसी बंद, केबिनचा हीटर आणि पंखा पूर्ण, एक गिअर खाली. तरी उतरत नसेल तर बाजूला घ्या. कूलंट बाहेर येत नसेल तर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग इंजिन बंद करा. झाकणाला होज हाताला गार लागेपर्यंत हात लावू नका.

प्रश्न : महिन्यातून एकदाच, तीही जवळ जवळच गाडी काढतो. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो आणि अ‍ॅडब्लूचीही सूचना येते.

काजळी जाळायला फिल्टर ६००° च्या आसपास तापावा लागतो, आणि छोट्या फेऱ्यांत तो तिथवर पोचत नाही. दिवा स्थिर असेल तर मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने २० ते ३० मिनिटं चालवा. थांबल्यावर पंखा जोरात फिरत असेल आणि आयडल वाढलेला असेल तर स्वच्छता चालू आहे. ती संपेपर्यंत इंजिन बंद करू नका. इंजिनचा दिवाही लागला असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइलची डिपस्टिक बघा. पातळी वाढलेली दिसली तर अर्धवट स्वच्छतेचं डिझेल ऑइलमध्ये उतरलं आहे. ऑइल बदला.

अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी, धुरातले विषारी वायू कमी करायला वापरतात ते. २५° पर्यंत ते दीड वर्ष टिकतं, सतत ३५° ला सहा महिनेच. वर्षातून थोडंच लागत असेल तर टाकी काठोकाठ भरू नका. झाकणाभोवती पांढरे स्फटिक जमले असतील तर कोमट पाण्याने धुवा, आणि अ‍ॅडब्लू ओतायला डिझेलचं नरसाळं वापरू नका.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो आणि पार्किंगचा दिवा लुकलुकतो.

मागच्या दिव्यांची अर्थ गेली आहे. दिव्याच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वायर तात्पुरती धरा. दिवे ताळ्यावर आले तर त्याच बाजूचा अर्थ स्क्रू काढून घासा.